लाटेतले वल्हेकरी : जपानी छापचित्रं आणि आपला संसार



आजचा विषय आहे जपानी लाकडी ठशांच्या चित्रांमधलं रोजचं जगणं. पिंपरीत हे कुठून काढलं, असं काहींना वाटलं असेल. पण पिंपरी-चाकणच्या माणसाला जपान परका नाही. कायझेन, फाइव्ह-एस, कानबान हे शब्द इथल्या शॉपफ्लोअरवर केव्हाच मराठी होऊन गेले. आपली जपानशी ओळख झाली ती कामाच्या शिस्तीतून. तेव्हा काम करणाऱ्या माणसाकडे जपानी चित्रकारांनी कसं पाहिलं, हे विचारायला पिंपरी ही चांगलीच जागा आहे.

एक आधीच सांगून ठेवतो. ही चित्रं सुंदर आहेत हे पटवून द्यायला मी आलेलो नाही. होकुसाईची ती मोठी लाट कपांवर आहे, टी-शर्टांवर आहे, मोबाइलच्या कव्हरांवर आहे, आणि २०२४ पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आहे. मला विचारायचंय ते वेगळं. चित्रात रोजचं जगणं आलं असं आपण म्हणतो, तेव्हा ते कोणाचं जगणं असतं? पाहणारा कुठे उभा असतो? आणि त्या चित्रात नाव कोणाचं राहतं?

सुरुवात शब्दापासून करू. ही माझी जुनी सवय, चालवून घ्या. या चित्रांना जपानीत 'उकियो-ए' म्हणतात. 'ए' म्हणजे चित्र. 'उकियो' हा मुळात बौद्ध विचारातून आलेला शब्द: दुःखाचं, नश्वर जग. सतराव्या शतकात एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, उच्चार तोच ठेवून लिहिण्याचं अक्षर बदललं आणि 'दुःखाचं जग' हे 'तरंगतं जग' झालं. १६६० च्या दशकात असाई र्योई या लेखकाने 'उकियो मोनोगातारी' लिहिलं, त्यात हा नवा अर्थ ठसठशीत दिसतो. जग क्षणभंगुर आहे, हे दोन्ही अर्थांत मान्य आहे. पहिला अर्थ म्हणतो, म्हणून सोडा. दुसरा म्हणतो, म्हणून आज जे आहे ते नीट बघून घ्या.

आता गंमत बघा. मराठीत 'संसार' या शब्दाचं जवळजवळ हेच झालं. 'सृ' धातूचा अर्थ सरकणं, वाहणं. संसार म्हणजे वाहत राहणं, जन्ममरणाचा फेरा. तत्त्वज्ञानात तो बंधन आहे, त्यातून सुटायचं आहे. आणि बोलण्यात? 'तिनं काटकसरीनं संसार केला', 'पोरं संसाराला लागली', 'टेम्पोत संसार भरला आणि पिंपरीला आलो'. टेम्पोत जन्ममरणाचा फेरा भरत नाहीत हो! भरतात त्या कळशा, गादी, स्टोव्ह, देवांचा डबा. संसार आणि निर्वाण ही दोन वेगळी ठिकाणं नाहीत, अशी नागार्जुनाची भूमिका होती. मराठी माणसाने तो ग्रंथ न वाचता निदान एक केलं: ज्या शब्दातून सुटका हवी होती, तोच शब्द स्वयंपाकघरातल्या मांडणीवर नेऊन ठेवला.

पण एक फरक आहे आणि आजचं सगळं बोलणं त्या फरकावर उभं आहे. उकियो घराबाहेर पडला: नाटकगृहात, चहाच्या दुकानात, गणिकांच्या वस्तीत, प्रवासाच्या रस्त्यावर. संसार घरात शिरला: चुलीपाशी, जात्यापाशी. उकियोकडे बघतो तो बहुधा येणारा-जाणारा. संसाराबद्दल बोलतो तो त्यात अडकलेला. हा फरक मनात ठेवून चित्रांकडे जाऊ.

आधी ही चित्रं तयार कशी होत, ते पाहू. तुमच्यात टूलरूममधून निवृत्त झालेले कोणी असतील तर त्यांना हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. प्रकाशक विषय ठरवून पैसे घाली. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करी. ते रेखाटन चेरीच्या लाकडावर उलटं चिकटवून कोरणारा कोरायला बसे, म्हणजे मूळ रेखाटन त्यात संपूनच जाई. मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा. छापणारा कागद ठेवून मागून 'बारेन' नावाच्या गोल घोटणीने घोटी. दहा रंग असतील तर तोच कागद दहा वेळा अचूक त्याच जागी बसला पाहिजे. त्यासाठी ठशाच्या कोपऱ्यात काटकोनी आणि बाजूला सरळ, अशा दोन खाचा असत. त्यांना 'केंतो' म्हणतात. आपल्याकडे फिक्स्चरमध्ये लोकेटर असतो ना, तेच काम. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबूच्या काळात ही बहुरंगी छपाई स्थिरावली. चित्रं स्वस्त होती; साधी प्रत एखाद-दोन वाट्या शेवयांच्या किमतीत मिळे. दहा लाखांच्या घरात वस्ती असलेल्या शहराचा तो धंदा होता, दरबारी कला नव्हे.

धंदा म्हटला की सरकार आलंच. १७९० पासून छापण्याआधी तपासनिसाचा शिक्का लागे. नजीकच्या इतिहासातले सरदार आणि सत्ताधीश चित्रात आणणं धोक्याचं होतं. उतामारोने १८०४ मध्ये हिदेयोशीची चित्रं काढली म्हणून त्याला पन्नास दिवस हातकड्या घालण्यात आल्या. म्हणजे रोजचं जगणं हा विषय निवडण्यामागे जीवनावरचं प्रेम जेवढं होतं, तेवढाच 'दुसरं काढाल तर हात बांधू' हा धाकही होता. हे ठाऊक असलं की या चित्रांबद्दल आपण भाबडं बोलत नाही.

आता होकुसाई. 'फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं' ही त्याची मालिका १८३० च्या सुमारास सुरू झाली. खपली इतकी की आणखी दहा चित्रं जोडली. छत्तीसची सेहेचाळीस झाली. नावात फुजी आहे, पण चित्रात पुढे कोण आहे ते बघा. ओवारी प्रांतातल्या चित्रात एक कारागीर भल्यामोठ्या लाकडी पिंपाच्या आत वाकून काम करतोय. पिंपाला तळ नाही, आणि त्या गोलातून फुजीचा इवलासा त्रिकोण दिसतो. तोतोमीच्या डोंगरातल्या चित्रात एक प्रचंड ओंडका टेकूंवर तिरपा चढवलाय, त्यावर करवतकरी चढलेत, आणि फुजी टेकूंच्या मधून डोकावतोय. एजिरीच्या चित्रात वारा सुटलाय, एका बाईजवळचे कागद आभाळात उडालेत, माणसं वाकलीत. फुजी नुसत्या एका रेघेत आटोपलाय.

इथे होकुसाईने एक मोठी गोष्ट केली. फुजी हा पवित्र पर्वत, जवळजवळ देवच. त्याने देवाला मागे नेलं आणि कामगाराला पुढे आणलं. देवाचा अपमान न करता! पिंप करणारा फुजीकडे बघतसुद्धा नाही, त्याला वेळ नाही. पण चित्राची रचना अशी की त्याच्या कामाच्या गोलातच फुजी बसतो. काम हीच पूजा, असं कुठेही न लिहिता ते दिसतं.

आणि ती लाट. मी ठिकठिकाणी विचारून पाहिलंय, या चित्रात काय आहे? लाट. आणखी? मागे फुजी. आणखी? गप्प. त्या चित्रात तीन नावा आहेत, मंडळी! ताजी मासळी वेगाने बाजारात पोचवणाऱ्या नावा. त्यांत वल्हेकरी आहेत, नावेच्या काठाशी डोकी खाली घालून घट्ट बसलेले. त्यांच्यासाठी तो निसर्गाचा चमत्कार नाही, ती त्यांची पाळी आहे. होकुसाईने ते काढलेत, अगदी काळजीने काढलेत. आपण पाहत नाही. कपावर छापताना तर कित्येकदा नावा कापूनच टाकतात. म्हणून मी म्हणतो, या चित्रांतलं रोजचं जगणं हरवतं ते नेहमी चित्रकारामुळे हरवतं असं नाही. कित्येकदा आपणच ते पुसून टाकतो.

पण सगळं खापर पाहणाऱ्यावर फोडणंही बरोबर नाही. उतामारोकडे या. स्त्रियांच्या चित्रांसाठी त्याचं नाव. त्याचं एक स्वयंपाकघराचं चित्र आहे. एक बाई फुंकणीने चूल फुंकतेय. धूर वर उठलाय, शेजारच्या बाईने तोंड वेडावाकडं केलंय. डोळ्यात धूर गेला की होतं तसं. हे पाहताना आपल्याला आजी आठवते, काकू आठवते. फुंकणी तीच, धूर तोच. मला ते चित्र फार आवडतं. तरी मी स्वतःला विचारतो, हा धूर इतका देखणा का? तर बघणारा स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे. त्याच्या डोळ्यात धूर गेलेला नाही.

याच उतामारोने १७९४ च्या आसपास योशिवारातल्या बारा प्रहरांची मालिका केली. तेव्हा तिथे दिवसरात्रीचे मिळून बारा भाग असत, एकेक आपल्या दोन तासांचा. योशिवारा म्हणजे एदोची परवानाधारक गणिकावस्ती: भोवती खंदक, ये-जा एका दरवाजातून, आणि आत गरीब घरांतून कर्जापायी करारावर दिलेल्या मुली. उतामारो त्यांचा दिवस एकेका चित्रात दाखवतो. मध्यरात्रीनंतरच्या चित्रात एक बाई झोपेतून उठलीय, हातात पेटता कागद आहे आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांनी ती पायाने चपला चाचपतेय. तिसऱ्या पाळीला उठलेल्या माणसाचा चेहरा! इतकं बारीक निरीक्षण. पण पूर्ण मालिकेत कर्ज दिसत नाही, आजार दिसत नाही, खंदक दिसत नाही. वस्तीची वेळ दाखवली, वस्तीची किंमत झाकली. ही चित्रं त्या वस्तीची जाहिरातही होती, हे विसरून त्यांचं समीक्षण करता येत नाही.

आणि तरीही ही कला मला खोटी वाटत नाही, ते हिरोशिगेमुळे. तोकाइदो रस्त्याच्या त्रेपन्न मुक्कामांची त्याची मालिका १८३३-३४ ची. शोनोच्या पावसात डोली वाहणारे चढावर धावताहेत. मारिकोच्या टपरीवर दोन प्रवासी खाताहेत आणि वाढणारीच्या पाठीला मूल बांधलेलं आहे. पण मला सांगायचंय ते त्याचं उतारवयातलं, १८५७ चं चित्र. एदोच्या शंभर दृश्यांच्या मालिकेतलं. खोली योशिवारातली. खिडकीच्या गजांआडून एक पांढरी मांजर बाहेर बघतेय. बाहेर भातखाचरं, दूर जत्रेला निघालेली माणसांची रांग, त्यामागे फुजी. खिडकीच्या पट्टीवर एक वाटी, एक टॉवेल. जमिनीवर कागदातून काढलेल्या, जत्रेतून आणलेल्या केसांत खोचायच्या पिना. बस्स. माणूस नाही. पिना कोणीतरी कोणालातरी दिल्यात, ती दोघं पडद्याआड आहेत. मोकळ्या जत्रेकडे बघायला उरलीय ती मांजर, आणि तीही गजांच्या आत. उतामारोने जे झाकलं, ते हिरोशिगेने काहीच न दाखवता उघडं केलं. त्याने तिचा चेहरा आपल्याला विकत घेऊ दिला नाही.

आता नावांचा प्रश्न. या चित्रांवर चित्रकाराची सही असते, प्रकाशकाचं चिन्ह असतं, तपासनिसाचा शिक्का असतो. कोरणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं नाव सहसा नसतं. ज्यांनी केसाएवढ्या रेषा लाकडात सोडल्या, तेच बेनाम. कुनिसादाचं १८५७ चं एक तीन भागांचं चित्र आहे, छापखान्याचंच. त्यात कोरताहेत, कागद तयार करताहेत, सगळ्या सुंदर स्त्रिया! प्रत्यक्षात हे काम पुरुष कारागिरांचं होतं. गिऱ्हाइकाला सुंदर बायका आवडतात, म्हणून स्वतःच्याच कारखान्याचं चित्र काढतानाही कारागिराचा चेहरा बाजूला ठेवला.

आता इकडे या. पिंपरी स्टेशनवर लोणावळा लोकल पकडलीत तर वाटेत मळवली लागतं. कार्ले-भाज्यांना जायला आपण तिथेच उतरतो. रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, तो पुढे या मळवलीला आला. त्याआधी १८७८ मध्ये पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने चित्रशाळा निघाली. तंत्र दगडी छपाईचं, लाकडी नव्हे. पण धंदा तसाच: पुष्कळ प्रती, सामान्य घरांसाठी. आणि विषय? लक्ष्मी, सरस्वती, पुराणातले प्रसंग, इतिहासातले पुरुष. पिंप करणारा नाही, डोली वाहणारा नाही, चूल फुंकणारी नाही.

मग आपण मागे पडलो का? इतकं सोपं उत्तर मला पटत नाही. ती लक्ष्मी घरात कुठे होती ते आठवा. फळीवर, डब्यांच्या वर. तिच्या कागदावर हळदकुंकू चढे, तव्याची वाफ चढे, समईची काजळी चढे. जपानी चित्रात दिनचर्या होती. आपलं चित्र दिनचर्येत होतं. पण हेही खरं की ज्या बाईने त्या लक्ष्मीला रोज कुंकू लावलं, तिला स्वतःसारखं कोणी त्या कागदावर कधी दिसलं नाही.

रस्त्यावरची माणसं रेखाटणारा आपल्याकडचा मोठा चित्रकार म्हणजे महादेव विश्वनाथ धुरंधर, जन्म कोल्हापूरचा, १८६७ चा. मुंबईतल्या माणसांची त्यांची चित्रं पोस्टकार्डांवर छापली गेली. एडवर्ड्सच्या 'बायवेज ऑफ बॉम्बे'ला, रॉथफेल्डच्या 'विमेन ऑफ इंडिया'ला त्यांचीच चित्रं आहेत. साडीची निरी, चालण्याची ढब, डोक्यावरचं ओझं तोलताना मानेला येणारा ताण, हे सगळं त्यांच्या हाताला पाठ होतं. माझ्या मते आपला हिरोशिगे होण्याची ताकद त्या हातात होती. अडचण मागणीची होती. ती पुस्तकं साहेबी वाचकाला भारतातले 'प्रकार' दाखवत. म्हणून 'विमेन ऑफ इंडिया'तल्या बायकांच्या चित्रांखाली जात किंवा प्रदेश येतो. होकुसाईचा कारागीर कामात बुडालेला आहे, त्याला आपली पर्वा नाही. धुरंधरांच्या त्या स्त्रीला पुष्कळदा आपल्यासमोर उभं राहावं लागतं, ओळखपरेडीसारखं. इथे दोष हाताचा नाही, चित्र मागवणाऱ्याच्या नजरेचा आहे.

तर मग आपला संसार, तो आतून पाहिलेला, नोंदला कुठे गेला? कागदावर नाही. जात्यावर! पहाटे दळणाऱ्या बायकांच्या ओव्यांत. आणि हे फार लांबचं नाही, इथलंच आहे, आपल्या मावळ-मुळशीतलं. हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी मावळ-मुळशीसकट गावोगावच्या बायकांच्या या ओव्या जमवल्या. आज तो संग्रह लाखाच्या वर आहे. त्यात धूर डोळ्यात गेलेली बाई स्वतः बोलते. सासरचा जाच, माहेरची वाट, भाऊ, लेक, जात्याचं वजन. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे की त्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहिलंय. एदोतल्या कोरणाऱ्यांना जे सहसा मिळालं नाही, ते इथल्या बायकांना मिळालं.

तशी ही रीत आपल्या भागात जुनी आहे. मळवलीला उतरून कार्ल्याच्या चैत्यात जा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे लेख आहेत. त्यात एक सुतार आहे, धेनुकाकटचा सामी. दरवाजाचं काम त्याचं, असं दगडावर कोरून ठेवलंय. ज्या बौद्ध विचाराने जग नश्वर म्हटलं, त्याच विचाराच्या लेण्यात सुताराचं नाव टिकवून ठेवावंसं वाटलं. जग वाहून जाणारं आहे म्हणूनच काम करणाऱ्याचं नाव लिहून ठेवायचं.

माझं म्हणणं आता सांगून टाकतो. रोजच्या जगण्याचं चित्र पाहताना 'किती हुबेहूब' एवढ्यावर थांबू नका. पाहणारा कुठे उभा आहे ते शोधा: दारात, रस्त्यावर, की चुलीपुढे? चित्र कोणी मागवलंय ते शोधा. आणि नाव कोणाचं गळलंय ते शोधा. या कसोटीवर होकुसाईचा पिंपवाला उभा राहतो, हिरोशिगेची मांजर तर फारच उभी राहते, उतामारोचा योशिवारा अर्धा टिकतो. आपली लक्ष्मी या परीक्षेला बसलेलीच नाही, तिचं काम वेगळं होतं. आणि ओवी, चित्र नसूनही, पहिली येते.

पिंपरीचं काय? १९५४ मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, तेव्हापासून धरलं तरी सत्तर वर्षं झाली. किती माणसं टेम्पोत संसार भरून या पट्ट्यात आली! तीन पाळ्यांचं आयुष्य, डब्याची वेळ, कंपनीच्या बसची वेळ, चाळीतल्या नळाची वेळ. याचे बारा प्रहर कोणी काढलेत? आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे, फोटो काही कमी नाहीत. पण त्या फोटोंत आपण बहुतेक लग्नात असतो, सहलीत असतो, निरोपसमारंभात शाल घेऊन असतो. लेथवर वाकलेला, पिठाने हात भरलेला, तिसऱ्या पाळीहून येऊन बूट काढणारा माणूस त्यात नाही. तो बाहेरून कोणी येऊन काढील तर दारात उभा राहूनच काढील. आतून काढायचा तर ते तुम्हालाच करावं लागेल. चित्र येत नसेल तर लिहा, लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा आणि त्याला लिहू द्या. फक्त खाली नाव घाला. स्वतःचं, आणि शेजारच्या मशिनवर उभा होता त्याचंही.

घरी गेल्यावर ती लाट पुन्हा एकदा बघा. तीन नावा आहेत. वल्हेकरी मोजा.

थांबतो. आता प्रश्न असतील ते घेऊ.